सिंधुदुर्गाच्या पायाशी : मालवणच्या प्रवाळांचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही कोल्हापूर संस्थानाचा इतिहास समुद्राला वगळून सांगता येत नाही, कारण एके काळी मालवण हे कोल्हापूरकरांचे बंदर होते. आज कोल्हापुरातल्या अनेक शाळांच्या सहली गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून मालवणला जातात. मुले सिंधुदुर्ग पाहतात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी चाखतात आणि होडीने परत येतात. अलीकडे त्यांत आणखी एक भर पडली आहे. तोंडावर मुखवटा आणि तोंडात श्वासनळी लावून पाण्यात डोके घालायचे आणि खडकांवरचे प्रवाळ पाहायचे. यालाच 'स्नॉर्केलिंग' म्हणतात.

किल्ल्याचा इतिहास मुलांना ठाऊक असतो. किल्ल्याच्या पायाशी असलेल्या प्रवाळांनाही इतिहास आहे, याची कल्पना मात्र फारशी कुणाला नसते. दोन सनावळ्या शेजारी ठेवून पाहा. सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. मालवणच्या जिवंत प्रवाळांची जी शास्त्रीय नोंद आज सर्वत्र आधाराला घेतली जाते, ती प्रसिद्ध झाली १९७९ साली. मधे ३१५ वर्षे गेली. या काळात याच खडकांवरून हजारो होड्या गेल्या, लढाया झाल्या, तह झाले, सर्वेक्षणे झाली. मग हे प्राणी इतकी वर्षे नोंदीबाहेर का राहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहास आणि विज्ञान दोन्ही हाताशी घ्यावे लागतात.

कोल्हापूरचे बंदर

मालवणसमोरचा समुद्र मोकळा नाही. पाण्यात बुडालेल्या आणि ओहोटीला डोके वर काढणाऱ्या खडकांनी तो जवळजवळ अडवलेला आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग उभारला. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत, १६६७ पर्यंत, हे काम पूर्ण झाले. शेजारच्या लहान बेटावर पद्मगड आहे, किनाऱ्याला राजकोट आहे आणि उत्तरेला सर्जेकोट. या जागेची निवड करताना खडक हा अडथळा मानला गेला नाही, तर तटाबाहेरचा दुसरा तट मानला गेला. वाट माहीत नसलेले गलबत या खडकांत शिरले की फुटायचे. वाट माहीत असलेले स्थानिक तांडेल मात्र अंधारातही होडी आत आणत. बेटाची आणि त्याभोवतीच्या वाटांची माहिती स्थानिक दर्यावर्दींनीच महाराजांना दिली, असे परंपरा सांगते.

पुढे छत्रपतींच्या घराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे आला. मालवणची गलबते अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर धाड घालू लागली. इंग्रजांच्या कागदपत्रांत 'मालवणी' हा शब्द जवळजवळ चाचा या अर्थाने येऊ लागला. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. १७६६ च्या तहानंतर किल्ला कोल्हापूरला परत मिळाला. पुढे १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदर आणि तिथले किल्ले कायमचे इंग्रजांकडे गेले. कोल्हापूर संस्थानाचा समुद्राशी असलेला संबंध तेव्हा तुटला.

इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरमध्ये मालवणचे वर्णन आहे. त्यात उपसागर खडकांनी अडवल्याचा उल्लेख आहे, बेटांची माहिती आहे, व्यापाराचे आकडे आहेत. त्या वर्णनातला खडक हा जहाजांच्या मार्गातला धोका आहे. महाराजांच्या दृष्टीने तो संरक्षण होता, कंपनीच्या दृष्टीने संकट. त्या खडकावर काय वाढते, हा प्रश्न दोघांच्याही कामाचा नव्हता.

वनस्पती, दगड की प्राणी?

याला आणखी एक कारण होते. प्रवाळ म्हणजे नेमके काय, हेच अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगात कुणाला नीट ठाऊक नव्हते.

'प्रवाळ' किंवा 'पोवळे' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. नवरत्नांत त्याची गणना होते आणि ज्योतिषात ते मंगळाचे रत्न मानले जाते. पण हे लाल पोवळे आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत भडोच आणि मुझिरीस या भारतीय बंदरांत आयात होणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, रोमन लोकांना भारतातल्या मोत्यांचे जेवढे मोल वाटते, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे वाटते. या व्यापाराचे धागे कोल्हापूरपर्यंत पोचले होते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले. त्या ठिकाणी सापडलेली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची ओळख बनली आहे. समुद्रापासून शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या गावात समुद्रदेव कसा आला, हा प्रश्न संग्रहालय दाखवताना मुलांना जरूर विचारावा.

प्लिनीच्या काळी समजूत अशी होती की, प्रवाळ हे समुद्रातले झुडूप असून पाण्यात ते मऊ असते आणि हवा लागली की दगड बनते. १७०६ साली मार्सिली या इटालियन निसर्ग-अभ्यासकाने ताजे लाल पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी 'फुले' उमललेली त्याला दिसली. प्रवाळ वनस्पती असल्याचा हा निर्णायक पुरावा आहे असे सर्वांना वाटले.

त्यानंतर मार्सेचा एक तरुण वैद्य पेसोनेल याने हीच फुले अधिक काळजीपूर्वक पाहिली. स्पर्श केला की ती मिटत, आणि मेल्यावर त्यांना सडलेल्या मांसाचा वास येई. ही फुले नसून लहान प्राणी आहेत, असा निष्कर्ष त्याने १७२०च्या दशकात काढला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील थोर शास्त्रज्ञ रेओम्युर यांना हे पटले नाही. १७२७ साली त्यांनी पेसोनेलचे मत अकादमीपुढे ठेवले, पण त्याचे हसे होऊ नये म्हणून त्याचे नाव सांगितले नाही! पुढे १७४०च्या सुमारास ट्रेम्बली यांनी गोड्या पाण्यातल्या हायड्रा या प्राण्यावर प्रयोग केले. वनस्पतीसारखा दिसणारा जीव प्राणी असू शकतो हे त्यांतून सिद्ध झाले, आणि मग पेसोनेलचे म्हणणे मान्य झाले. हायड्राची आकृती आपण वर्गात फळ्यावर काढतो. तिच्याभोवती चुनखडीची वाटी कल्पिली आणि अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटवल्या, की प्रवाळाची वसाहत डोळ्यांसमोर उभी राहते.

येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. दागिन्यातले लाल पोवळे अंधुक प्रकाशात वाढते. मालवणला दिसणारे प्रवाळ खडकासारखी वसाहत बांधणाऱ्या गटातले आहेत, आणि त्यांना प्रकाश लागतो. त्यांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ शैवालाला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये पुरवतो. १८८१ साली ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने या पिवळसर पेशींना 'झूझँथेला' हे नाव दिले. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या भाडेकरूंचा असतो. या सहजीवनामुळे प्रवाळाला उथळ, स्वच्छ, उबदार पाणी लागते. पुढचा सारा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

मालवणशी लढलेले आरमार आणि डार्विन

कान्होजी आंग्रे आणि मालवणची गलबते यांच्याशी लढण्यासाठी मुंबईत कंपनीने जे आरमार वाढवले, त्याला 'बॉम्बे मरीन' म्हणत. १८१२ नंतर किनाऱ्यावरच्या लढाया थांबल्या आणि या आरमाराचे लक्ष हळूहळू नकाशांकडे वळले. १८३० साली त्याचे नाव 'इंडियन नेव्ही' झाले. त्यातील रॉबर्ट मोर्सबी या अधिकाऱ्याने आधी तांबड्या समुद्राचे आणि मग १८३४ ते १८३६ या काळात मालदीव बेटांचे सर्वेक्षण केले. बेटाभोवती खोली किती, खडक कोठे सुरू होतो, कोठे संपतो, हे दोरीला शिसे बांधून मोजले गेले. हेतू जहाजे सुरक्षित नेण्याचा होता.

पण हे आकडे चार्ल्स डार्विनच्या हाती पडले. १८४२ साली त्याने प्रवाळद्वीपांची रचना आणि प्रसार यांवर पुस्तक लिहिले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतात. बेट बुडाले तरी कंकणाकृती द्वीप शिल्लक राहते, असा त्याचा सिद्धांत होता. मोर्सबी यांची मालदीवची मोजमापे त्याला फार उपयोगी पडली. ज्या आरमाराची घडण आंग्रे आणि मालवणकर यांच्याशी लढताना झाली, त्याच आरमाराच्या नोंदी प्रवाळविज्ञानाच्या पायात गेल्या, हा योगायोग इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक मोठे प्रवाळपठार आहे. त्याचे नाव 'आंग्रिया बँक'. कान्होजींचे नाव नकाशावर असे राहून गेले.

मालदीव आणि लक्षद्वीप येथे प्रवाळांनी स्वतःच बेटे बांधली आहेत, त्यामुळे ती नजरेतून सुटत नाहीत. मालवणचे प्रवाळ तसे नाहीत. आधीच असलेल्या खडकावर ते येथे एक, तेथे एक असे विखुरलेले आहेत. त्यांनी बेट बांधले नाही की जहाज फोडले नाही. म्हणून नकाशा काढणाऱ्याला ते दिसले नाहीत.

किनारा असलेल्या दुसऱ्या एका मराठी संस्थानाने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या गायकवाडांकडे सौराष्ट्रातला ओखामंडळचा किनारा होता. सयाजीरावांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून त्या किनाऱ्याची पाहणी करवली. तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. शंख, मोत्यांचे शिंपले यांतून संस्थानाला उत्पन्न मिळेल का, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता, पण त्यातून कच्छच्या आखाताच्या सागरी जीवनाची पद्धतशीर नोंद झाली. आज त्याच परिसरात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. कोल्हापूरनेही तंत्रज्ञान आणि शिक्षण यांत पुढाकार घेतला, पण तोवर त्याचा किनारा जाऊन शंभर वर्षे होत आली होती.

१९७९ची नोंद

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. तिच्या समाप्तीनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली आणि तिचे मुख्यालय गोव्यात आले. समुद्राचा अभ्यास करणारी देशाची प्रमुख संस्था आता मालवणपासून काही तासांच्या अंतरावर होती. १९७६ पासून 'गवेषणी' हे संशोधन जहाज तिच्या सेवेत होते. कर्नाटकातील माल्पेच्या समोर खोल समुद्रात जिवंत प्रवाळांचे एक बुडालेले पठार सापडले, त्याला याच जहाजाचे नाव देण्यात आले. ती नोंद १९७८ सालची.

पुढच्याच वर्षी संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. सय्यद जहूर कासिम आणि त्यांचे सहकारी डॉ. वफर यांनी 'महासागर' या संस्थेच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आढळतात, असे त्यांनी त्यात दाखवले. त्या ठिकाणांत रत्नागिरी, मालवण आणि रेडी ही महाराष्ट्रातली नावे होती. हेच डॉ. कासिम १९८१-८२ साली भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते होते. पृथ्वीच्या टोकाला जाणाऱ्या शास्त्रज्ञाने त्याआधी आपल्या दाराजवळचे खडक पाहिले होते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

मग त्याआधी हे कुणालाच ठाऊक नव्हते का? मच्छीमारांना त्या जागा ठाऊक होत्या. कोणत्या खडकाशी तांबोशी आणि गोबरा मिळतो, कोणत्या कपारीत शेवंड बसते आणि कोठे टाकलेले जाळे फाटून वर येते, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होते. पण ते होडीत आणि घरात राहिले, कागदावर आले नाही. १९७९ च्या लेखाने प्रवाळांना शास्त्रीय नाव आणि ठिकाण दिले. त्यानंतर पोरायटीस, टर्बिनेरिया, फेव्हायटीस, सायफास्ट्रिया अशा अनेक प्रजातींची येथे नोंद झाली आहे.

इतके थोडे का?

कोकणचे पाणी उबदार आहे, खडक भरपूर आहेत, मग लक्षद्वीपसारखी प्रवाळांची नगरे येथे का नाहीत? याचे उत्तर कोल्हापूरकरांना आपल्या घाटमाथ्यावर सापडेल.

गगनबावड्याला पडणारा पाऊस आपण जाणतो. माथ्याच्या पूर्वेला पडलेले पाणी कुंभी आणि भोगावतीतून पंचगंगेत, तेथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेला पडलेले पाणी थोड्याच अंतरात थेट अरबी समुद्राला मिळते. मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी आणि उत्तरेला कालावलच्या खाडीतून गड नदी समुद्रात येते. पावसाळ्यात या नद्या जांभ्या मातीचा तांबडा गाळ घेऊन येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात किनाऱ्यालगत वरच्या थरात हे प्रमाण बरेच घटते. गाळामुळे प्रकाश अडतो आणि तो प्रवाळांच्या अंगावरही बसतो. त्यात लाटांचा मारा असतो. वर्षातले चार महिने हे सोसणाऱ्या मोजक्या प्रजातीच येथे तग धरू शकतात. मालवणचे प्रवाळ थोडे आहेत, कारण ते आपल्या प्रजातींना झेपणाऱ्या परिस्थितीच्या काठावर जगतात.

हे वर्गात दाखवता येते. एका काचेच्या पेल्यात पाव लिटर पाणी घेऊन त्यात दोन लहान चमचे मीठ विरघळवा. दुसऱ्या पेल्यातल्या साध्या पाण्यात लाल शाईचे काही थेंब टाका. आता चमच्याच्या पाठीवरून हे रंगीत पाणी खाऱ्या पाण्यावर अगदी सावकाश सोडा. गोडे पाणी वर तरंगत राहील. उथळ जागेतला प्रवाळ पावसाळ्यात या लाल थरात सापडतो. दुसरा प्रयोग आणखी सोपा आहे. किनाऱ्यावर पडलेल्या शिंपल्याच्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. शिंपला आणि प्रवाळाचा सांगाडा दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. (शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यावर हा प्रयोग फसतो.) प्रवाळाचा तुकडा यासाठी मुळीच आणू नये, त्याचे कारण पुढे येईल.

अभयारण्य कुणाचे?

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांचा परिसर येतो. उरलेले क्षेत्र त्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र आहे. कायदा होता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा.

नकाशावर हे ठीक दिसते. पण हा जंगलाचा तुकडा नव्हता, तर चालते मासेमारी बंदर होते. गाबीत आणि इतर मच्छीमार समाजांची घरे, होड्या, रापणीच्या जागा आणि लिलावाची जागा यांना लागून ही हद्द गेली. आपल्या दारातल्या पाण्यात आपल्यालाच मासेमारीला बंदी होणार, ही भीती पसरली आणि अभयारण्याला मोठा विरोध झाला. वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली. सागरी भागात अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेसे उपाय योजावेत, असे तीत म्हटले गेले. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची. जी चर्चा आधी व्हायला हवी होती, ती नंतर करावी लागली, आणि दुरावा बराच काळ टिकला.

या वादात मच्छीमार एका बाजूला आणि प्रवाळ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी नेहमी केली जाते. ती अर्धवट आहे. किनाऱ्यावरून दोर ओढून केली जाणारी रापण वाळूच्या तळावर चालते. खडकावर जाळे फाटते, म्हणून पारंपरिक मच्छीमार खडकापासून जाळे दूरच ठेवतो. तळ खरवडून गाळ उठवणारे ट्रॉलर आणि मोठे थवे एकदम उचलणारी पर्ससीन जाळी यांच्याविरुद्ध याच मच्छीमारांनी वर्षानुवर्षे झगडा दिला आहे. माशांची पिल्ले वाढण्याची जागा टिकावी, ही त्यांची गरज आणि प्रवाळांची गरज बऱ्याच अंशी एकच आहे. २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. आता प्रवाळाचा तुकडा तोडणे किंवा जवळ बाळगणे हा वाघाच्या शिकारीच्या पंक्तीतला गुन्हा आहे.

मुखवट्यातून पाहताना

पाण्यात माणसाचा डोळा धूसर पाहतो, कारण डोळ्याच्या पारपटलाचा आणि पाण्याचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असतो आणि प्रकाशकिरण पुरेसे वळत नाहीत. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा थर राहतो आणि दृश्य स्पष्ट होते. एवढी साधी ही युक्ती आहे. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवा पुरवणारे साधन सिद्ध केले आणि पाण्याखाली अधिक वेळ राहता येऊ लागले. ही साधने मालवणला सामान्य पर्यटकाच्या हाती आली ती मुख्यतः एकविसाव्या शतकात. पुढे तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुडी-प्रशिक्षण संस्थाही सुरू झाली. ज्या खडकांकडे लोक वरून पाहत होते, ते आता समोरून दिसू लागले. अनेक मच्छीमार तरुणांना यातून रोजगार मिळाला. अभयारण्याकडे पाहण्याची दृष्टीही त्यामुळे थोडी बदलली.

पण याची किंमतही आहे. मालवणच्या अभयारण्यात पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांमुळे प्रवाळांची मोडतोड होते, असे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. प्रवाळावर उभे राहणे, आधारासाठी हात धरणे, होडीचा नांगर थेट खडकावर टाकणे, माशांना जमवण्यासाठी पाव-बिस्किटे टाकणे, हे सारे वरवर क्षुल्लक वाटते. येथल्या प्रवाळांच्या वसाहती वर्षाला फार तर एखाद-दोन सेंटिमीटर वाढतात. एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला दहा-वीस वर्षे लागू शकतात.

दुसरे संकट तापमानाचे आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकतो. मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४-१७ या वर्षांत ते जगभर पसरले आणि २०२३ पासून चौथी लाट आली. २०१५-१६ साली मालवणचे प्रवाळही पांढरे पडले. मात्र त्यांतले बरेच पुन्हा सावरले, असे अभ्यासकांना आढळले. गढूळ, बदलत्या क्षारतेच्या पाण्यात वाढलेले हे प्रवाळ अधिक सोशिक असतील का, हा आजच्या संशोधनातला जिवंत प्रश्न आहे. ते तसे ठरले, तर मालवणचे मूठभर प्रवाळ लक्षद्वीपच्या मोठ्या वसाहतींइतकेच मोलाचे ठरतील. आणि हे कळण्याआधीच ते आपल्या पायाखाली चिरडले गेले, तर तो प्रश्न अनुत्तरितच राहील.

सहल नेताना

शाळेची सहल मालवणला न्यायची, तर काही गोष्टी आधी ठरवाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. सगळ्यांनी पाण्यात उतरलेच पाहिजे असे नाही. मोठ्या ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगतच्या खडकांत उरलेल्या डबक्यांतही पुष्कळ काही दिसते. त्यासाठी पंचांग पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडावा. भरती-ओहोटीचा तक्ता आणि तिथी यांचा संबंध शोधणे हा सहलीआधीचा उत्तम गृहपाठ आहे. जी मुले पाण्यात उतरतील, त्यांना तरंगायला शिकवलेले असावे, जीवरक्षक जाकीट असावे, आणि पाय कोठेही टेकायचा नाही हे पक्के सांगितलेले असावे. पहाटे बंदरावर लिलाव चालतो. तेथे कोणती मासळी कोणत्या जाळ्यात आली, हे विचारून लिहून घेतले, तर तोही प्रवाळांच्या अभ्यासाचाच भाग होईल.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत आपला पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही आहे. किल्ल्याच्या पायाभरणीचा दिवस आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या पायाशी असलेल्या प्रवाळांच्या नोंदी मात्र जेमतेम पन्नास वर्षांच्या आहेत आणि त्यांतही मोठ्या फटी आहेत. दरवर्षी सहल नेणाऱ्या शाळेला या कामात भर घालता येईल. त्याच जागी, त्याच महिन्यात पाण्याचे तापमान घ्यावे. पाणी किती निवळ आहे हे पाहण्यासाठी दोरीला पांढरी थाळी बांधून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजावे. कोठे प्रवाळ दिसले, त्यांचा रंग कसा होता, हे लिहावे. अशी वही दहा वर्षे चालली, तर त्या खडकांविषयी कोल्हापूरच्या मुलांकडे एवढी माहिती जमेल की ती अभ्यासकांनाही मागून घ्यावीशी वाटेल.